नातीच्या रेंजमध्ये: मूर्तिजापूर ते सेमाडोह

आधीच सांगते, हे मी लिहिलेलं नाही, बोललेलं आहे. लिहितो फोन. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि त्यातलाही अर्धा वेळ कपाशी वेचण्यात गेला. दिवाळीत नातीनं तिचा जुना फोन मला दिला, बोलून लिहायची खूण दाखवली, हा ब्लॉग काढून दिला, आणि तेव्हापासून फोनचं आणि माझं बरं चाललं आहे. फक्त त्याला वऱ्हाडी कळत नाही. मी "मले" म्हटलं की तो "मळे" लिहितो. "आमी" म्हटलं की "आर्मी" लिहितो. म्हणून बँकेतल्या साहेबाशी बोलावं तशी मी त्याच्याशी बोलते. लोकांचं बोलणं मात्र जसं झालं तसं बोटानं टाईप केलं आहे. त्यानं डोळे दुखले, म्हणून या वेळी उशीर झाला.

ज्यांना मेळघाट पाहायला जायचं असेल त्यांच्या कामाच्या गोष्टी यात आहेत. पण मी मेळघाट पाहायला गेले नव्हते. मी नातीला आणायला गेले होते.

आमच्या गावात सांजेला मिस कॉल द्यायची रीत आहे. जो कोणी घराबाहेर असेल, शेतात, अकोल्याला नाहीतर पुण्याला, त्यानं दिवेलागणीला घरी एक घंटी द्यायची. कोणी उचलायचं नाही, बोलायचं नाही. घंटी आली म्हणजे माणूस ठीक आहे. ही रीत कोणी बैठक घेऊन ठरवली नाही. आधी कोरडी वर्षं गेली, मग बोंडअळीचं वर्ष आलं, आणि जो फोन उचलत नाही त्याला शोधायला लोक बॅटऱ्या घेऊन शेतात जायला लागले. कधी कधी उशीर झालेला असायचा. तेव्हापासून पडली रीत. यावर मी जास्त बोलणार नाही.

माझा मुलगा सुधाकर घरातल्यांचे मिस कॉल आल्याशिवाय ताटावर बसत नाही. त्याची पोरगी वैशाली मेळघाटात वनरक्षक म्हणून लागली. जंगलाची राखण करायची, खाकी कपडे, कमरेला पट्टा. पहिले काही दिवस ती परतवाड्याला होती, तेव्हा घंटी बरोबर यायची. मग तिला सेमाडोहला पाठवलं आणि घंटी बंद झाली. आठवड्यातून एखादा मेसेज यायचा, तोही भलत्याच वेळी. शेवटचा असा होता: "बाबा, मी दिवसभर रेंजमध्येच असते. जेवण वेळेवर होते. काळजी करू नका."

हा मेसेज वाचून सुधाकरनं फोन लावला. फोनमधली बाई म्हणाली, आपण डायल केलेला नंबर संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. त्यानं परत लावला. बाई परत तेच म्हणाली. पोळी गार झाली.

"पोट्टी म्हणते रेंजमंधी हावो, बाई म्हणते बाहेर हाये," तो मला म्हणाला. "खोटं कोन बोलून रायलं, माय?"

"त्या बाईचं काय जाते?" मी म्हटलं. "ते काहून खोटं बोलंल?"

हे बोलायला नको होतं. त्यानं तिथंच ठरवलं की पोरगी आपल्याशी खोटं बोलते, रेंजमध्ये असून घंटी देत नाही, आणि अशी नोकरी आपल्याला नको. हरभरा काढायला आला होता, त्यामुळं त्याला निघता येईना. म्हणाला, "तू जा. घेऊनच ये तिले. राजीनाम्याचे कागद मी पाहून घेईन."

मी हो म्हटलं. काय करायचं ते तिथं गेल्यावर ठरवू, हे मी मनात ठेवलं. पोराला सगळं सांगितलंच पाहिजे असं काही नसतं.

माझ्याबरोबर रशीदाबी निघाली. ती आमच्या गावची बांगडीवाली, माझ्या वयाची. आम्ही एका विहिरीवर पाणी भरलं आहे. तिच्याजवळ बटनाचा फोन, रबर लावून बांधलेला, आणि त्यात सरकारी कंपनीचं सिम. ती कुठं निघालो ते न विचारताच पिशवी घेऊन आली.

"गंगे, मले वाघ पाहाचा हाये," ती म्हणाली.

"वाघाले तू पाहाची हाये का, ते इचारलं काय?"

मूर्तिजापूरच्या स्टँडवर मी फोनला रस्ता विचारला. बँकेच्या भाषेत विचारायचं विसरले. "मले सेमाडोहले जाचं हाये" म्हटलं तर त्यानं मला मळ्यांचे फोटो दाखवले. दुसऱ्यांदा नीट विचारलं, तर एका पानावर शकुंतला रेल्वेची वेळ आली. सकाळी निघते, अचलपूरला पोचवते, सगळं वेळेवर. शकुंतला बंद पडलेली कोणाला माहीत नाही? तिच्या रुळावर बाभळी उगवल्या आहेत आणि आमच्याकडच्या शेळ्या त्या खातात. फोनवर मात्र ती अजून चालू आहे. म्हणून सांगते, फोन पाहा, पण स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत पण डोकं घाला. तिथला माणूस वैतागून बोलतो, पण जी गाडी आहे तीच सांगतो.

दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा. आम्हाला म्हातारपणाचं अर्धं तिकीट. रस्ता दर्यापूरपर्यंत बरा, पुढं कंबर सांभाळा. दोन्ही बाजूंनी काळं रान, कुठं हरभरा पिवळा पडलेला, कुठं उपटायची राहिलेली कपाशीची पऱ्हाटी नुसती काड्या होऊन उभी. रशीदाबीनं सगळ्या रस्त्यानं खिडकीची जागा सोडली नाही.

अंजनगावला गाडी थांबली. बाहेर पाहिलं तर खरंच पानमळे, हिरवेगार, वर सावली केलेली. मी फोनला मनातल्या मनात माफ केलं. सेमाडोहला जायला मळे लागतात, त्याचं काही चुकलं नव्हतं.

परतवाड्याला आलूबोंडा खाल्ला. वर तर्री मागा, न मागता देत नाहीत. इथंच एक महत्त्वाची गोष्ट. जे काही फोनवर पाहायचं, बोलायचं, पाठवायचं असेल, ते परतवाड्यालाच उरकून घ्या. राहायची नोंदणी इथं बसून करा. सेमाडोहला पर्यटकांसाठी झोपड्या आहेत, चांगल्या आहेत म्हणतात, पण वर जाऊन नोंदणी करतो म्हणाल तर नेट कुठून आणाल? रस्त्याच्या नकाशाचा फोटो काढून ठेवा. मी सुधाकरला "घाट चढतो आहोत" असा मेसेज टाकला, त्याच्या दोन निळ्या खुणा पाहिल्या आणि मग सेमाडोहवरून जाणाऱ्या धारणीच्या गाडीत बसले.

घाट सुरू झाला तसं फोनच्या कोपऱ्यातल्या काड्या एक एक करून गेल्या. आधी चार, मग दोन. एका वळणावर एक आली आणि परत गेली. गाडीत पुण्याकडची चार पोरं होती. काड्या गेल्या तसे ते फोन खिडकीबाहेर धरायला लागले, जाळं टाकून मासा धरावा तसे. मग एकानं फोन खिशात ठेवला, मग सगळ्यांनी ठेवले. त्यानंतर पहिल्यांदा त्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि बोलायला लागले. पळस फुलायला लागला होता. सागाची पानं गळून खाली अशी पडली होती की गाडी गेली तरी आवाज होत होता. गार वारा यायला लागला. मला छातीत हलकं वाटलं. मग आठवलं की मी पोरगी आणायला निघाले आहे.

सेमाडोहला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. रस्त्याच्या कडेला खव्याच्या, रबडीच्या टपऱ्या. गवळ्यांची वस्ती जवळ आहे, दूध खरं आहे. आम्ही एका टपरीवर बसलो. मला साखर आहे, डॉक्टरनं गोड बंद केलं आहे. मी एक द्रोण खाल्ला. रशीदाबीनं दोन.

माझा फोन मेला होता. म्हणजे चालू होता, काड्या नव्हत्या. वैशालीला कळवायचं कसं? मी टपरीवाल्याला विचारलं, "भाऊ, इथं रेंज कुठी भेटते?"

तो कढई हलवत होता. हात न थांबवता म्हणाला, "रेंज? सरळ जा, पुलाच्या अलीकडं. पाटी हाये मोठी."

"पाटी?"

"हो. पण साहेब नाई आता. जंगलात गेले."

मी रशीदाबीकडं पाहिलं. ती म्हणाली, "गंगे, यहाँ तो रेंज को साहेब बी रहता."

"भाऊ," मी म्हटलं, "मले फोन लावाचा हाये. साहेबाले काय कराचं?"

"मंग फोनची रेंज म्हना ना, आजी! ते नाई भेटत. तुमी निस्तं रेंज म्हणलं." त्यानं कढई हलवायची थांबवली आणि पुलाकडं बोट केलं. "आमच्या इकडं रेंज म्हंजे थे हापिस. जंगलखात्याचं. सेमाडोह रेंज. आमचा सारा गाव रेंजमंधीच हाये."

द्रोण माझ्या हातात तसाच राहिला. बाबा, मी दिवसभर रेंजमध्येच असते. पोरीनं खरं तेच लिहिलं होतं. फोनमधल्या बाईनं पण खरं तेच सांगितलं होतं. दोघी खऱ्या, आणि आमच्या घरात ताटं गार झाली.

रशीदाबी हसायला लागली ती थांबेना. टपरीवाल्याला वाटलं आम्ही दोघी बह्याड, डोक्यानं गेलेल्या आहोत. त्यानं पैसे आधी घेतले.

पुलाच्या अलीकडं खरंच पाटी होती. वनपरिक्षेत्र कार्यालय. ज्या शब्दाला चौथी पास माणसाची जीभ अडखळते त्याला लोक रेंज म्हणतात, यात त्यांचं काय चुकलं? आत एक माणूस वायरलेसवर बसला होता, कानटोपी घातलेला. मी नाव सांगितलं.

"वैशालीच्या आजी? ती आत कॅम्पवर आहे, जंगलात. उद्या सकाळी येईल." मग त्यानं घड्याळाकडं पाहिलं. "थोडं थांबा. आता बोलेल ती."

"फोन लागत नाही ना?"

"फोन कशाला?" तो म्हणाला.

बाहेर दिवेलागण झाली होती. वायरलेसमधून खरखर यायला लागली. एकेका कॅम्पचं नाव, एकेक आवाज. अमुक कॅम्प, सगळे हजर, ठीक. तमुक कॅम्प, सगळे हजर, ठीक. कोणी जास्त बोलत नव्हतं. मग एक आवाज आला, आणि तो आमच्या घरात "आजी, चहा" म्हणणारा आवाज होता. फक्त शुद्ध बोलत होता, मी फोनशी बोलते तसा. कॅम्पचं नाव, सगळे हजर, ठीक.

रशीदाबीनं माझा हात दाबला. ती हळूच म्हणाली, "ये तो मिस कॉल है, गंगे."

मी मान हलवली. पोरगी रोज दिवेलागणीला घंटी देत होती. आम्हाला देत नव्हती एवढंच.

वायरलेसवरचा माणूस म्हणाला, "यावर घरचं बोलायची परवानगी नाही." मग बटन दाबून म्हणाला, "वैशाली, तुझ्या आजी आल्या आहेत. मूर्तिजापूरवाल्या."

पलीकडून खरखर आली. मग ती वऱ्हाडीत बोलली. "आजीले म्हना, रबडी खाऊ नको. साखर हाये तिले."

त्या माणसानं माझ्याकडं पाहिलं. मी पदरानं तोंड पुसलं.

रात्री आम्ही तिच्याच खोलीवर झोपलो, ऑफिसच्या मागं. ती आणि अजून एक पोरगी तिथं राहतात. भांडी घासून पालथी, कपडे दोरीवर, देवाचा एक फोटो. कुठं गबाळ नाही. घरी ही पोरगी आपलं ताट उचलत नव्हती.

सकाळी ती आली. खाकी कपडे, बुटाला चिखल, तोंड उन्हानं काळं पडलेलं. वाळली नव्हती, कडक झाली होती. आम्ही तिघी सिपना नदीवर गेलो. पाणी कमी, दगड मोठे, खाली मासे दिसत होते. पाहण्यासारखी जागा आहे, पण सकाळीच जा आणि एकटे जाऊ नका. रशीदाबी पाण्यात पाय सोडून वाघाची वाट पाहत बसली.

मी पोरीला सरळ सांगितलं, "तुह्या बापानं तुले घेऊन ये म्हणून सांगतलं."

"काहून?"

"तू रेंजमंधी असून घंटी देत नाई म्हणून."

ती आधी हसली. "मी तं खरंच रेंजमंधी राह्यतो, आजी."

"काल समजलं मले. रबडीवाल्यानं समजावलं."

"म्हंजे खाल्लीच तुनं."

"तुह्या बापाचं बोल."

ती एक दगड उचलून पाण्यात टाकायला गेली आणि तसाच हातात धरून बसली. "कॅम्पच्या मांगं एक माळ हाये. वरतं चढलं का एखादवेळी काडी येते. मले माईत हाये. पन दिवेलागनीले त्या वाटेनं आमी मजुरालेही जाऊ देत नाई. पानवठ्याची वाट हाये थे. सांजीले तिथं कोन येते हे बाबाले सांगू काय मी?" मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "बाबाले इचार, घंटी पायजे का पोरगी पायजे."

तिचं बरोबर होतं. ठीक आहे हे कळवायला तिनं जायचं, आणि तिथंच ठीक राहायचं नाही. आमच्या गावची रीत आमच्या शेतापुरती बरी होती. इथं त्या रीतीनं पोरगी खाल्ली असती.

"तुले राहाचं हाये काय इथं?" मी विचारलं. "मनापासून सांग. माह्यासाठी नाई, बापासाठी नाई."

"हो," ती म्हणाली. लगेच म्हणाली. जंगल असं आहे आणि झाडं तशी आहेत, असलं बाकी काही सांगितलं नाही. तेवढंच पुरं होतं.

"मंग राह्य. पन बजाराच्या दिवशी इथं खाली येते ना? त्या दिवशी सरकारी सिमवाल्याचा फोन मांग आन् बापाशी बोल. मेसेज पाठवू नको. तुहे मेसेज सरकारी पाटीसारखे राह्यते."

हे सिमचं तुम्हीही लक्षात ठेवा. माझा मोठ्या काचेचा फोन वर दोन दिवस नुसता घड्याळ झाला होता, आणि रशीदाबीच्या रबर बांधलेल्या डब्यावर दुकानासमोर उभं राहिलं की एक काडी यायची. तिनं ते मला परत परत दाखवलं. जाताना एक सरकारी सिम जवळ ठेवा, आणि बरोबरच्या बाईचा जास्त अपमान करू नका.

वाघ दिसला नाही. रशीदाबी म्हणाली, त्यानं आपल्याला पाहिलं असेल, तेवढं बस झालं.

परतीच्या गाडीत घाट उतरलो तसा माझा फोन जागा झाला. परतवाडा यायच्या आधीच सुधाकरचे मेसेज ओळीनं पडायला लागले. निघाले का. कुठं आहे. बोलली का ती. फोन काहून बंद. शेवटी नुसतंच "माय". मी स्टँडवर उतरून आधी पाणी प्यायले, मग फोन लावला.

"आनलं?" तो म्हणाला.

"नाई."

तो शेतात होता. मागं कोणीतरी बैल हाकत होतं.

"रोज घंटी देते ते, सुधाकर. दिवेलागनीले. म्या माह्या कानानं आयकली. वायरलेसवर देते, सारे तिथं मोजून घेते, एकही कमी झाला तं रातभर शोधते. तुले भेटत नाई एवढंच." मग रबडीवाला, पाटी, माळ, पाणवठ्याची वाट, सगळं सांगितलं. फोनचा आवाज मोठा होता, स्टँडवरची माणसं ऐकत होती. ऐकू दिलं.

तो म्हणाला, "मंग म्या सांजीले काय समजू?"

"रेंजमंधी हाये असं समज."

"आन् नसली तं?"

"तं त्याईले तुह्या आधी समजंल." मी म्हटलं. "तू तरी एवढ्या दुरून काय करशील, बॅटरी घेऊन?"

हे कडक बोलले मी. पण खोटं सांगून त्याला जेवायला बसवायचं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा रशीदाबीनं साऱ्या गल्लीला वाघाचं वर्णन ऐकवलं, अंगावरच्या पट्ट्यांसकट. मी मधे बोलले नाही.

आता काय उरलं ते सांगते. फोनमध्ये सिपनेचे फोटो उरले, त्यातले अर्धे माझ्या अंगठ्याचे. साखर वाढली, ती उरली. आणि एक गोष्ट मला नवी कळली. आम्ही इतकी वर्षं त्या घंट्या मोजत होतो, आणि घंटी आली की माणूस आहे असं धरून चाललो होतो. घंटी आली नाही तरी माणूस असतो, आणि आपल्या नजरेत नसला तरी कोणाच्या तरी मोजणीत असतो. हे मला कळलं, पण मी तिची आई नाही, आजी आहे. बापाला कळणं वेगळं.

परवाची गोष्ट. दिवेलागण झाली. गल्लीत घरोघर एकेक घंटी वाजून थांबत होती. आमच्या घरातही आल्या, अकोल्याहून, शेतातून. सुधाकर ओट्यावर बसला होता. त्यानं फोन काढून वैशालीचा नंबर लावला आणि कानाला धरला. त्या बाईचं सगळं बोलणं त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, मधे तोडलं नाही. समोरच्या घरातून शेजाऱ्यानं विचारलं, "लागला काय रे पोरीले?"

"नाई," सुधाकर म्हणाला. "रेंजमंधी हाये ते."

सुनेनं आतून जेवायची हाक मारली. तो एका हाकेत उठला.